चौथा पाय

कुरियरवाला नदी ओलांडत नाही.
जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फोन करतो,
"दिवाडचें पार्सल, येता मरे?"
मी त्याच्याच समोर असतो,
फेरीबोटीचा रॅम्प खाली सोडत,
दिवसातून वीसदा तरी.

पुड्यात बारा मोटरी, काड्यापेटीएवढ्या.
एकशे चाळीसला एक.
धातूच्या दात्यांची साडेतीनशे म्हणाला,
मी प्लास्टिकचे दाते घेतले.
माझ्या तोंडातले दोनही तसेच आहेत.

मिंगेलनं बार बंद केला, त्याची पाटी मागून आणली.
अ‍ॅक्रिलिक चांगलं जाड.
करवतीखाली अक्षरं तुटली तशी तुटली:
पुढच्या उजव्या मांडीवर एक लाल मात्रा,
मागच्या डावीवर अर्धा र.
पोटाला टिफिनचं झाकण.
तळव्यांना सायकलची ट्यूब, कारण फरशी गुळगुळीत
आणि सुलक्षा ती दोनदा पुसते.

सुलक्षा माझी बहीण.
तिनं विचारलं, हे कशाच्या कामाचं?
म्हटलं, कशाच्याच नाही.
बरं, म्हणाली, आणि दिवा जवळ सरकवून दिला.

पहिल्या रात्री बाराही मोटरी एकदम उठल्या.
वीज पुरेना, मेंदू बेशुद्ध.
शुद्धीवर आला, उठला, पुन्हा बेशुद्ध.
चौथ्या खेपेला मीच बटण बंद केलं
आणि आठवडाभर एकेक गुडघा
वेगळा, हलक्या हातानं जागा करत बसलो.

डावीकडचे तीस अंश
उजवीकडे दीडशे होतात
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
म्हणून उभं राहिलं ते तिरकं,
आणि घसटत घसटत भिंतीकडे गेलं.
"कुर्ली," सुलक्षा म्हणाली.
नाव तेच राहिलं.

चुका सुधारल्या. कुर्ली सरळ उभी राहिली.
पण पुढचा डावा पाय उचलला
की त्याच कोपऱ्यावर नाक आपटायची.
हळू उचलून पाहिला. झटक्यात उचलून पाहिला.
एका गुडघ्याचे दाते गेले, कर्र आवाज करत,
एकशे चाळीस रुपये गेले.

शुक्रवारी सातच्या खेपेला चिऱ्यांचा टेम्पो आला.
वर काशिनाथ पात्रांव काही बोलला नाही,
बोलायची गरजच नसते.
मी स्कूटर पलीकडच्या अंगाला घेतल्या,
मासळीवालीला म्हटलं, बाये, टोपली तिकडे ने,
दोन गाड्या मागे रेटल्या,
आणि मगच टेम्पोला हात केला, ये.
अठ्ठावीस वर्षं हेच करतोय.
आधी भार सरकवायचा, मग पुढचं.

हात हवेतच राहिला.
टेम्पोवाला अर्ध्यावर थांबून मला बघत होता.
मागून हॉर्न.

त्या रात्री प्रत्येक पावलाआधी
चार ओळी नव्या लिहिल्या:
पोट उरलेल्या तिघांकडे झुकव,
दोन बोटं,
थांब,
आता उचल.

उचलला.
लाल मात्रेशेजारचा तो पाय
हवेत थरथरत होता, पण हवेत होता.
पुढे टेकला. मग दुसरा. मग मागचा अर्धा र.
मी मोजत होतो, सातपर्यंत मोजलं,
आठव्याला स्वयंपाकघराचा उंबरा.

दीड इंच फक्त.
कुर्ली त्याला पाय आपटत राहिली,
कुणी दार उघडत नसावं तशी.

"फळी लाव," सुलक्षा म्हणाली,
"बोटीला लावतोस तशी."
नको, म्हटलं, चढेल तिची ती.
साडेअकरा वाजले. पहाटेची पहिली फेरी माझी.
पुन्हा म्हटलं, नको.

ती आत गेली, पोळपाट घेऊन आली,
उंबऱ्याशी ठेवता ठेवता म्हणाली,
याला तर तीनच पाय,
हा कुठं पडतो?

कुर्लीनं पोट झुकवलं, थांबली,
एक पाय पोळपाटावर ठेवला
आणि बॅटरी संपली.

तशीच राहू दिली रात्रभर.
सकाळी चहा करताना सुलक्षा
तिला वळसा घालून गेली.
पोळ्या त्या दिवशी ताटावर लाटल्या.